माळावरची टकटक

हिंगोलीकडून परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, औंढ्याला नागनाथाचं दर्शन झालं का? झालं नाही. मी देवाला गेलोच नव्हतो. मी भांडायला गेलो होतो. भांडणासाठी सांगलीहून एवढ्या लांब जाणारा माणूस वेडा असणार असं ज्यांना वाटतं, त्यांनी पुढचं वाचावं.

माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. शाळा लवकर सुटली. दुसऱ्याच्या दुकानात जळक्या मोटारींची काळी तार उकलत मोठा झालो, मग स्वतःचं दुकान टाकलं. आज आजूबाजूच्या विहिरींवरच्या मोटारी माझ्याकडे येतात. भावात मी घासाघीस करतो, आवाज चढवतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण माझ्या हातची कॉइल कधी परत आली नव्हती. मोरे मॅडमनी ती पहिल्यांदा नापास केली.

या मोरे मॅडम सांगलीत कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायच्या. निवृत्त झाल्या आणि वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याला, माहेरी जाऊन राहिल्या. त्यांना एक नाद आहे. त्या आकाश ऐकतात. कुठल्याही स्टेशनने न सोडलेल्या रेडिओ लहरी पृथ्वीभोवती सतत फिरत असतात. विजा कडाडतात त्यांच्या, सूर्याकडून येणारा वारा पृथ्वीच्या चुंबकाला घासतो त्याच्या. या लहरींची कंपनं इतकी कमी असतात की घरातल्या रेडिओला त्यांचा पत्ताही लागत नाही. त्या धरायला केसासारख्या तारेचे हजारो वेढे असलेली लांब कॉइल लागते. तिच्यात उमटणारा इवलासा करंट एक डबी मोठा करते आणि कानाला लावायच्या फोनमध्ये तो आवाज होऊन येतो.

ती कॉइल मॅडमनी माझ्याकडून करून घेतली. खास जातीच्या लोखंडाच्या कांडीवर मी स्वतः, कुणा कारागिराला हात लावू न देता, वेढे घातले. प्लास्टिकच्या पाइपात बंद करून एसटीच्या पार्सलने पाठवली. नंतर फोन आला, "तुमची कॉइल टकटक करते. आत कुठेतरी तार तुटून ठिणगी उडतेय."

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी गिळलं असतं. पण त्यांनी हे कॉलेजातल्या जुन्या मास्तरांच्या फोनवरच्या ग्रुपात लिहिलं. त्यातले अर्धे माझ्या दुकानासमोरच्या टपरीवर चहा पितात. दुसऱ्या दिवशी एकाने रस्त्यातून हाक मारली, "काय टकटकशेठ!" मी मॅडमना फोन केला, त्यांनी तो मध्येच ठेवला. मी मीटर, कैची आणि सोल्डरिंगची गन पिशवीत टाकली आणि निघालो.

कुरुंदा

मार्च लागलेला होता आणि कुरुंद्यात हळद शिजत होती. गावात शिरायच्या आधीच तो वास येतो, ओल्या मातीचा, वाफेचा आणि किंचित कडवट. खळ्यांत, घरांपुढे, रस्त्याच्या कडेला, जिथे ऊन पडेल तिथे हळद वाळत घातलेली. माणसांच्या टाचासुद्धा पिवळ्या.

मी सांगलीचा. हळद म्हणजे आमची पेठ, असं ऐकत वाढलेला. एका बॉयलरपाशी उभं राहून मी ते बोललोही. शिजलेली हळद बाहेर ओढणारा म्हातारा थांबला. "सांगलीचे का तुमी? बरं झालं आलात. तुमच्या पेठेत नाव तुमचं व्हतं, पोती आमची व्हती. आता पोती बी हितंच इकतेत. नाव तेवढं राहिलं तुमच्यापाशी, ते सांभाळा."

भोवतीची माणसं हसली. मी उत्तर शोधत मॅडमचं घर गाठलं.

मॅडम ओसरीवर बशीतून चहा पीत होत्या. गुडघ्यांना पट्टे बांधलेले.

"आलात? मला वाटलं भांडण फोनवर संपलं."

"तुम्ही फोन ठेवलात."

"तुम्ही ओरडत होतात."

"मी बोलत होतो. माझा आवाजच तसा आहे."

"मग तुमच्या कॉइलचाही तसाच असेल," त्या म्हणाल्या आणि माझ्यापुढे चहा सरकवला.

मी चहा तसाच ठेवून कॉइल तपासली. दोन्ही टोकांना मीटर लावलं. तार अखंड. कुठे शॉर्ट नाही, कुठे गळती नाही. मीटर मॅडमच्या डोळ्यांपुढे धरलं.

"मीटर खोटं बोलत नाही," त्या म्हणाल्या, "पण टकटकही मी माझ्या कानांनी ऐकली. गावात नव्हे, कळमनुरीच्या अंगाला माळावर, जिथे विजेच्या तारा लांब आहेत. माझी जुनी लांब तारेची अँटेना माकडांनी तोडली, नाहीतर दोन्ही शेजारी लावून बघितलं असतं."

तेव्हा ठरलं ते असं. त्याच माळावर जायचं, दोघांनी ऐकायचं. कॉइलने आकाश पकडलं, तर मॅडमनी त्या ग्रुपातल्या एकेकाला स्वतः फोन करून चूक कबूल करायची. लिहून नव्हे, तोंडाने. आणि नाही पकडलं, तर मी टपरीवर सगळ्यांसमोर सांगायचं की माल खराब होता.

"शब्द?" मी म्हणालो.

"शब्द. आता तो चहा प्या, निवून गेला."

आखाडा बाळापूर

बाळापूरला जीप बदलावी लागते. आमच्याकडे जिला वडाप म्हणतात तिला इथे काळीपिवळी म्हणतात. कोंबण्याची पद्धत मात्र तीच. बाजाराचा गलबला होता. रस्त्याकडेला टरबुजांचे ढीग लागले होते. आम्ही कलिंगड म्हणतो.

रिकाम्या हाताने कुणाच्या दारात जाऊ नये म्हणून एक घ्यावं म्हटलं. मी वाजवून बघितलं, नाक मुरडलं, पाठ फिरवली, परत आलो. भाव पाडायच्या माझ्या सगळ्या पायऱ्या झाल्या. विकणारी बाई दुसरीकडेच बघत होती. शेवटी म्हणाली, "घ्यायचं तर घ्या भाऊ, न्हाईतर हात लावून लावून गरम करून राहिले तुमी त्याला."

मी तिच्याच भावाने घेतलं. मॅडम जीपमध्ये तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. टरबूज संध्याकाळी कापलं तर गुळासारखं गोड निघालं, याचा मला आणखी राग आला.

तांडा, पहिली पहाट

बाळापूरपासून पुढे जमीन उचलत जाते. काळी रानं मागे राहतात, मुरूम आणि दगड सुरू होतात. पळस फुलले होते. पानं एकही नाही, नुसता जाळ. माळाच्या पायथ्याला बंजाऱ्यांचा तांडा आहे. पूर्वी या लोकांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून मुलुख हिंडायचे, आता सगळे शेती करतात. मॅडम इथे आल्या की सुंदराबाई राठोड यांच्याकडे उतरतात. सुंदराबाई पन्नाशीच्या, हाडापेराने उंच, आपसांत बंजारा बोलीत आणि आमच्याशी मराठीत बोलणाऱ्या. त्यांनी ज्वारीची भाकरी, पातळ वरण आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा वाढला. आम्ही सांगलीकर तिखटाचा अभिमान बाळगतो. मी पाणी मागितलं नाही, पण वरण तीनदा घेतलं.

पहाटे आम्ही माळावर गेलो. त्या आठवड्यात शेतीची लाईट दिवसा यायची, त्यामुळे तेव्हा पंपांच्या तारा मुक्या होत्या. एरवी लाईट नाही म्हणून शिव्या घालणारा मी, लाईट नाही म्हणून खूश झालो. कॉइल पोत्यावर आडवी ठेवली, डबीला जोडली. डबीला कानाचे दोन फोन लागतात. मी कानाला लावला.

टक. टक. टक.

स्वच्छ, ठणठणीत. प्रत्येक ठोका इतका मोठा की त्याच्यामागे काही असलंच तर ते झाकलं जात होतं.

"हेच!" मी म्हणालो. "हेच तुमचं आकाश! आणि तुम्ही माझ्या तारेला नावं ठेवलीत!"

मॅडमनी मान हलवली. "आकाश असं तालात बोलत नाही हो. विजा कुठे घड्याळ बघून पडतात? तालात बोलतं ते माणसाने केलेलं यंत्र. इथे यंत्र एकच आहे, तुमची कॉइल."

खरं सांगायचं तर ठोका ऐकताक्षणी माझ्याही मनात ते आलं होतं. पण मला ते आकाश असायला हवं होतं. मग माझं डोकं फिरलं. फिरलेल्या डोक्यातही धंद्याची अक्कल जागी असते, हे माझं नशीब. मी म्हणालो, "दोष कॉइलच्या आत असेल तर मी कुठेही गेलो तरी टकटक तेवढीच राहील. बाहेरून येत असेल तर कमीजास्त होईल. बघाच आता." आणि पाइप खांद्यावर, डबी गळ्यात, फोन कानात, असा मी माळ उतरू लागलो.

प्रत्येक पावलाला कॉइल हलायची आणि कानात ढोल बडवल्यासारखं व्हायचं. थांबलो की टकटक. तांड्याच्या बाजूला गेलो, बारीक झाली. उलट फिरलो, उताराच्या मागच्या अंगाला, मोठी झाली. आणखी खाली, आणखी मोठी. आता मी जवळजवळ पळत होतो. समोर भुईमुगाचं हिरवं रान दिसलं, ठोका कानात मावेना, बांधावरून चढताना मी आधारासाठी हात पुढे केला.

कानातली टक आणि हातातला झटका एकाच वेळी बसला. मी पाटाच्या चिखलात बसलो होतो. कॉइल मात्र मी वर धरून ठेवली होती.

विजेचं काम करून केस पांढरे झालेला माणूस मी, आणि रानडुकरांसाठी लावलेल्या झटक्याच्या तारेला हात घातला. सूर्यावर चालणारं ते मशीन, बॅटरी भरून घेतं आणि तारेत एका तालात ठोके सोडत राहतं. लाईट असो नसो त्याला फरक पडत नाही. प्रत्येक ठोक्याला ती सबंध तार अँटेनासारखी बोंबलत होती आणि माझी कॉइल ते माळापलीकडून ऐकत होती.

सुंदराबाई गोफण घेऊन धावत आल्या. मला बघून आधी थांबल्या, मग हसू आवरेना. "भाऊ, मला वाटलं डुक्कर सापडलं!"

मागून काठी टेकत मॅडम आल्या. त्यांनी तारेकडे, माझ्याकडे आणि सुंदराबाईंकडे पाहिलं.

"सुंदरा, हे मशीन कधी लावलंस?"

"भुईमूग वर आला तवा. तुमी ती नळी घेऊन आलता, त्याच्या आधी."

"मला बोलली का नाहीस?"

"तुमी इचारलं कुठं?"

बोलणी

म्हणजे कॉइल खोटी नव्हती. पण ती आकाश ऐकते हेही सिद्ध झालं नव्हतं, आणि मॅडम शब्दाच्या पक्क्या. "डुकराचं मशीन ऐकलं, आकाश नाही," त्या म्हणाल्या. मशीन एक पहाट बंद करायला हवं होतं.

सुंदराबाई म्हणाल्या, "न्हाई."

मी मोबदला देऊ केला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी फाटकी पोती विकायला आणली होती. "एका पहाटंत डुकराचा कळप अख्खं रान उकरून जातो, भाऊ. मग तुमचा पैसा पेरू का म्या?"

मी आवाज चढवला. विज्ञान, अभ्यास, मॅडमचं वय, जे सुचलं ते बोललो. सुंदराबाई शांतपणे शेळीला पाला घालत राहिल्या. कुणी ऐकतच नसलं की ओरडण्यातला दम जातो. मी भाकरीही न खाता माळाच्या दुसऱ्या बाजूला निघून गेलो.

तिथे मारोती नावाचा धनगर मेंढरं घेऊन बसला होता. दाढीची पांढरी खुंटं, खांद्यावर घोंगडी, भोवती चार दांडगी कुत्री. त्याने मेंढीच्या दुधाचा चहा दिला. घट्ट, खारटगोड, एका कपात पोट भरेल असा. बोलता बोलता मी सुंदराबाईंवर तोंडसुख घेतलं.

"त्या बाईचं नाव नगा काढू," तो म्हणाला. "दर साली तिच्या हरभऱ्याच्या रिकाम्या रानात माझी मेंढरं बसतेत. औंदा तिनं ती तार आनली. शेजारीच भुईमूग, शेजारीच तार. कोकरू तारंला लागलं की ते मेंढरू त्या शिवारात परत पाय ठेवत न्हाई. मला न्हाई म्हनायचं व्हतं तर तोंडानं म्हनायचं! तार कशाला लावायची?"

मी चहाचा कप खाली ठेवला. मेंढरं शेतात बसवायची पद्धत आमच्याकडेही आहे. कळप रात्रभर रानात बसतो, लेंड्या आणि मूत यांनी जमिनीला खत मिळतं, आणि शेतकरी धनगराला धान्य देतो.

"तुम्ही विचारलं का तिला?"

"म्या काहून इचारू? गरज तिची हाय."

मी परत तांड्यात आलो. सुंदराबाईंपुढे धनगराचं नाव काढल्याबरोबर त्यांचा पारा चढला. "बाळापूरकडचे मोठे शेतकरी ज्वारी जास्ती देत असतील त्याला! दोन सांजा माझ्या बांधावरून कळप घेऊन गेला, मान वर करून बघितलं न्हाई. माझं हरभऱ्याचं रान तसंच पडलंय. जाऊ दे, म्या काहून बोलावू?"

मी हसलो. हसण्यासारखं नव्हतं खरं तर, कारण मीही असाच फोनवर ओरडून, रागाची शिदोरी बांधून इतक्या लांब आलो होतो, आणि कोणत्या माळावर, कशाशेजारी ऐकलंत एवढं विचारलं नव्हतं.

पण धंदेवाल्याच्या डोक्यात दुसराच हिशेब लागला होता. एकीला मेंढरं हवीत, एकाला तार नको, मला टकटक नको, आणि डुकरांना अडवायला चार कुत्री फुकट आहेत. माझ्या आयुष्यात इतका सोपा सौदा मी पाहिला नव्हता. मी मारोतीला सुंदराबाईंच्या दारात आणलं.

आधी दोघेही माझ्याकडे बघून बोलत होते.

"इचारा त्यांला, कुत्री राखतील का माझा भुईमूग?"

"सांगा तिला, माझ्या कुत्र्यांनी लांडगं परतवलेत. डुक्कर काय चीज हाय."

"आन् एक जरी शेंग उकरली तर?"

"तर म्या सोता बसून पेरून देतो."

"तू पेरशील? कुदळ कोणत्या बाजूनं धरतेत ते तरी ठावं हाय का?"

इथून पुढे त्यांना माझी गरज राहिली नाही. ज्वारी किती, चहा कुणाचा, मेंढरं किती मुक्काम बसणार, यावर ते दोघे तासभर असे झुंजले की मला कुठे तोंड घालायला जागाच मिळाली नाही. दोघांचे चेहरे उजळले होते. मी उंबऱ्यावर बसून ऐकत होतो. मॅडम हळूच म्हणाल्या, "सांगलीकर, तुम्हाला गप्प बसलेलं पहिल्यांदा पाहतेय."

दुसरी पहाट

दिवेलागणीला कळप हरभऱ्याच्या रानात शिरला आणि सुंदराबाईंनी स्वतःच्या हाताने मशीन बंद केलं. त्या गोफण घेऊन मचाणावर बसल्या. भरवसा ठेवला तरी राखण सोडली नाही.

आम्ही उजाडण्याच्या आधी माळावर पोचलो. या वेळी कॉइल पोत्यावर ठेवली नाही. वाऱ्याने, पावलाने ती जराही हलली तरी पृथ्वीच्या चुंबकामुळे तिच्यात करंट उमटतो, हे काल खांद्यावर घेऊन पळताना कळलं होतं. सुंदराबाईंची कुदळ मागून आणली होती. चर खणून कॉइल मातीत पुरली, वर दगड रचले. जिवंत वस्तू पुरल्यासारखं वाटलं.

कानाला फोन लावला. टकटक नव्हती.

आधी एक जाड, दबकी गुरगुर आली. मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी उताराकडे बोट केलं. खाली मेंढरं उठून कूस बदलत होती. कुत्री भुंकत होती ते कॉइलला कळत नव्हतं, पण शेकडो खुरांनी जमीन हलत होती ती कळत होती. मग कळप परत बसला आणि गुरगुर विझली.

त्यानंतर जे ऐकू आलं ते कसं सांगू? तव्यावर मोहरी तडतडावी तसं, पण तवा क्षितिजाएवढा. माझ्या डोक्यावर ढगाचा ठिपका नव्हता. मॅडम कुजबुजल्या, "या सगळ्या विजा. सुमात्रा, आफ्रिका, कुठे कुठे आत्ता पडतायत." तडतडीमध्ये मधूनच थेंब टपकल्यासारखा आवाज यायचा, टिंव, टिंव. वीज खूप लांबून जमीन आणि वरच्या हवेच्या थरामध्ये आपटत आली की ती अशी वाजते, आणि दिवस उजाडला की हे थेंब थांबतात, असं त्यांनी सांगितलं.

मी वेढे घातले होते त्या तारेत हे चाललं होतं. दुकानात वेढे मोजताना माझ्या डोक्यात काय असायचं? तांब्याचा भाव, गिऱ्हाईकाची कटकट. त्या तारेतून आफ्रिका येईल असं मनात आलं नव्हतं.

पूर्वेला राखाडी रेघ उमटली. आणि मग, तडतडीच्या मागून, एक शिट्टी आली. उंच सुरू झाली आणि खाली उतरत गेली. चालत्या मोटारीचा स्विच पाडला की तिचा आवाज जसा खाली खाली येत विझतो, तशी. पण डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात संपली.

मॅडमनी माझं मनगट धरलं होतं. त्या बोलल्या तेव्हा कॉलेजातलं बोलणं कुठे गेलं होतं कोण जाणे.

"ऐकली का ओ?"

"ऐकली. काय होतं?"

"विषुववृत्ताच्या पल्याड, समुद्रावर कुठंतरी वीज पडली. तिच्या लहरी पृथ्वीच्या चुंबकाच्या वाटेनं वर गेल्या, हवा संपते त्याच्याही वर, आन् त्याच वाटेनं वळून आपल्याकडं उतरल्या. उंच सूर आधी पोचतेत, खालचे मागं रेंगाळतेत. म्हणून अशी शिट्टी." त्यांनी डोळे पुसले. "इतक्या खालच्या अक्षांशाला ती फार क्वचित मिळते. मी नुसती वाट बघत आले होते. पहिल्यांदा ऐकली."

खालून मारोतीची हाक आली, सुंदराबाईंनी तिला उलट हाक दिली. भुईमूग शाबूत होता.

मॅडमनी कानातला फोन काढला आणि पिशवीतून मोबाइल घेतला. तो बंद करून ठेवला होता. "मी शब्दाची पक्की आहे. तुमची कॉइल निर्दोष. आत्ता करते एकेकाला फोन, झोपेतून उठवून सांगते."

हे वाक्य ऐकायला मी आलो होतो. टपरीवरचा एकेक चेहरा डोळ्यांपुढे आला. पण मोबाइल चालू झाला की त्याची खरखर कॉइलमध्ये शिरणार होती, आणि थेंब अजून टपकत होते.

"फोन तर तुम्हाला करायचाच आहे, मॅडम, एकालाही सोडायचं नाही," मी म्हणालो. "पण आधी उजाडू द्या."